जरा फिरून येते म्हणून निघालेली आजी

बाईनं साठी ओलांडली, की घरातली माणसं अगदी प्रेमानं तिच्या पायांना वेसण घालायला लागतात. जिना चढू नका, बाजारात एकट्या जाऊ नका, आता आराम करा. गंमत बघा, नातवंडं सांभाळायची असली किंवा दहा पाहुण्यांचा स्वयंपाक रांधायचा असला, तर याच बाईचं वय कुणाच्या लक्षात राहत नाही. ते आठवतं ती स्वतःसाठी घराबाहेर पडायला लागली की!

म्हणून मैत्रिणींनो, आज तुम्हाला एका आजीची गोष्ट सांगते. ती आपल्याकडची नाही, सातासमुद्रापलीकडची, अमेरिकेतली. पण तिचं आयुष्य वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की हिला आपण ओळखतो. आपल्याच गल्लीत, आपल्याच नात्यात अशी कुणीतरी आहे. तिचं नाव एमा गेटवूड. अमेरिकेत सगळे तिला ग्रॅण्डमा गेटवूड, म्हणजे गेटवूड आजी म्हणूनच ओळखतात. ११ मुलांची आई आणि २३ नातवंडांची आजी असलेली ही बाई १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, डोंगरदऱ्यांतून एकटी सुमारे ३,३०० किलोमीटर चालली. मुंबई ते नागपूर हे अंतर चार वेळा तुडवावं, साधारण तेवढं!

एमाचा जन्म २५ ऑक्टोबर १८८७ चा, ओहायो राज्यातल्या गॅलिया परगण्यातला. घरात भावंडं १५. लाकडाच्या ओंडक्यांचं घर, एकेका पलंगावर चार-चार पोरं झोपायची. वडील युद्धात पाय गमावून आलेले, त्यात दारूचं व्यसन. त्यामुळे घराचा सारा भार आईवर. एमाचं शिक्षण आठवीपर्यंतच झालं, पण वाचनाची गोडी मात्र जन्मभर टिकली. शेतातली कामं, जनावरं, सरपण, पाणी, धाकट्या भावंडांना कडेवर घेणं यातच बालपण सरलं. आपल्या आज्या-पणज्यांचं सरलं तसंच.

१९०७ साली, एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा पी. सी. गेटवूड शिकलेला, शाळामास्तर. पुढे त्यानं तंबाखूची शेती केली. लोकांच्या दृष्टीनं स्थळ उत्तम. पण लग्नाला काही महिने होतात न होतात तोच त्यानं तिच्यावर हात उचलला. आणि मग ते थांबलंच नाही. तिनं ११ बाळंतपणं काढली, तंबाखूची रोपं लावली, कुंपणं घातली, सिमेंट कालवलं, आणि वर मार खाल्ला. मार असह्य झाला, की ती घरामागच्या रानात निघून जायची. झाडांमध्ये एकटीच चालत राहायची. तिथं तिला कुणी हुडकायला येत नसे. रानातली कुठली पाला-भाजी खाण्याजोगी, कुठली औषधी, हे सारं तिला ठाऊक होतं. शांतता तिला मिळाली ती चालण्यात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण चालणं म्हणजे वजन कमी करायचा उपाय समजतो. तिच्यासाठी ते माहेर होतं.

नवरा तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकायची धमकी द्यायचा. एकदा तर इतकं मारलं, की दात तुटले, बरगडीला तडा गेला. आणि वर पोलिसांनी धरून नेलं ते तिलाच! त्या गावच्या मेयरनं तुरुंगात तिचा सुजलेला चेहरा पाहिला आणि तिला सोडवून आपल्या घरी आसरा दिला. अखेर १९४१ साली, वयाच्या ५३व्या वर्षी, तिला घटस्फोट मिळाला. तेव्हाच्या अमेरिकेतही खेड्यातल्या बाईनं घटस्फोट घेणं सोपं नव्हतं. घरात अजून लहान असलेल्या तीन मुलांना तिनं एकटीनं वाढवलं. लोकांकडे आजाऱ्यांची, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करून चार पैसे मिळवले.

मुलं एकेक करून मार्गी लागली. आता एमा मोकळी होती. आणि मोकळ्या झालेल्या बाईपुढे एक मोठा प्रश्न येतो, जो कुणी तिला विचारत नाही. आता माझं काय?

एमाला याचं उत्तर सापडलं ते डॉक्टरांच्या दवाखान्यात! तिथं पडलेल्या नॅशनल जिओग्राफिक मासिकाच्या १९४९ सालच्या एका जुन्या अंकात तिनं अ‍ॅपलाचियन ट्रेल या पायवाटेबद्दल वाचलं. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या डोंगररांगांवरून, तेव्हाच्या हिशेबानं १४ राज्यांतून, दक्षिणेतल्या जॉर्जियापासून उत्तरेतल्या मेनपर्यंत जाणारी ही वाट. एका दमात ती पूर्ण करणारी माणसं तोवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आणि बाई एकटीनं पूर्ण केलेली एकही नव्हती. एमानं लेख वाचला आणि तिच्या मनानं घेतलं. लेखात वाट छान आखलेली, जागोजाग मुक्कामाची सोय असलेली असं वर्णन होतं. प्रत्यक्षात तसं काही नव्हतं, हे तिला पुढं चांगलंच कळलं.

पहिला प्रयत्न तिनं १९५४ साली केला, उत्तरेच्या टोकाकडून. तो पार फसला. काही दिवसांतच ती रानात वाट चुकली, चष्मा फुटला, जवळचं खाणं संपलं. वनरक्षकांनी तिला शोधून काढलं आणि घरी परत जायला सांगितलं. ६६ वर्षांची बाई, फुटका चष्मा, रिकामी पिशवी. इथं गोष्ट संपायला हवी होती. कुणीही म्हटलं असतं, झाली ना हौस? बसा आता घरी!

एमा घरी गेली खरी, पण बसली नाही. त्या फजितीबद्दल तिनं फारशी वाच्यता केली नाही. मुक्काम मुलाकडे होता. तिथं ती घराभोवतीच्या रस्त्यांवरून चालायला लागली. आज एक फेरी, काही दिवसांनी दोन, मग आणखी थोडं जास्त. पायांना जरा ताण जाणवेपर्यंत चालायचं, मग थांबायचं. असं वाढवत वाढवत वसंत ऋतू येईस्तोवर दिवसाला दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर चालण्यापर्यंत तिची मजल गेली. कुठला गुरू नाही, कुठलं यंत्र नाही. तिच्या पराक्रमाच्या गोष्टी सगळे सांगतात, पण मला तिचे हे चार महिने जास्त शिकवून जातात. कारण यातलं सारं आपल्याला करता येण्यासारखं आहे.

आता तिची तयारी ऐका. पाठीवर लावायची महागडी सॅक वगैरे काही नाही. जाडसर डेनिम कापडाची एक पिशवी तिनं घरीच शिवली, वर नाडी ओवली आणि ती एका खांद्यावर टाकली. आत काय? एक ब्लँकेट, रेनकोट, पावसात अंगावर घ्यायला न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा, बॅटरी, चाकू, आयोडिन, चिकटपट्ट्या, विक्सची डबी, पेन आणि एक वही. खायला शेंगदाणे, मनुका, सुपाच्या वड्या, डबाबंद सॉसेज. सगळं मिळून ओझं सात-आठ किलो. तंबू नाही, झोपायची खास पिशवी नाही, नकाशा नाही. पायात साधे कॅनव्हासचे बूट. आपल्याकडे शाळेत पी.टी.ला घालायचे ना, तसेच!

३ मे १९५५ रोजी जॉर्जियातल्या माउंट ओगलथॉर्पवरून ती निघाली. मुलांना फक्त एवढंच ठाऊक होतं, की आई जरा फिरायला जातेय. आई कुठल्या वाटेवर आहे हे त्यांना कळलं ते नंतर, तिची पोस्टकार्डं यायला लागली तेव्हा. तिनं परवानगी मागितली असती तर? मला वाटतं, उत्तर तिला आधीच माहीत होतं. म्हणून तिनं प्रश्नच विचारला नाही.

वाट कठीण होती. कुठे खुणाच पुसलेल्या, कुठे झाडं आडवी पडलेली, मुक्कामाच्या पडव्या मोडक्या. रात्री पालापाचोळा गोळा करून त्यावर अंग टाकायचं. फार थंडी असली तर शेकोटीत दगड तापवून त्यांच्या उबेला निजायचं. रानातली फळं आणि पाला ओळखीचा होता, तो पोटाला आधार व्हायचा. सापांची भेट तर नित्याची. वाटेतल्या कुणी तिला घरात घेतलं, गरम जेवण दिलं, अंथरूण घालून दिलं. कुणी मळकट कपड्यातली ही म्हातारी बघून दारातूनच हाकललं. तेव्हा कुणाच्या ओसरीवर, कधी उघड्यावरच्या बाकावर तिनं रात्र काढली. सकाळी पिशवी खांद्यावर टाकून पुन्हा चालायला लागली.

ऑगस्टमध्ये त्या भागाला एकापाठोपाठ दोन चक्रीवादळांनी झोडपलं. ओढ्या-नाल्यांना पूर आले. एका फुगलेल्या ओढ्यापाशी ती अडून राहिली. तिला पोहता येत नव्हतं. मागून आलेल्या दोन तरुणांनी तिला दोघांच्या मधोमध दोरानं बांधून घेतलं आणि पलीकडे नेलं. तिनंही संकोच केला नाही. स्वतःच्या बळावर चालणं वेगळं आणि मदत नाकारून हट्ट करणं वेगळं, हे तिला उमगलं होतं.

एव्हाना वर्तमानपत्रांना तिचा सुगावा लागला होता. गावोगावी बातमीदार वाट बघत उभे असायचे. सगळ्यांचा एकच प्रश्न, या वयात हे कशासाठी? ती दर वेळी वेगळंच काहीतरी सांगायची. कधी गंमत म्हणून, कधी त्या डोंगरापलीकडं काय आहे ते बघायला. नवऱ्याबद्दल विचारलं तर आपण विधवा असल्याचं सांगायची. नवरा तर तेव्हा जिवंत होता! तिच्या संसाराची खरी हकिगत जगापुढे आली ती २०१४ साली, तिच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी. बेन मॉन्टगोमेरी या पत्रकारानं तिच्या डायऱ्या वाचून, तिच्या मुलांशी बोलून पुस्तक लिहिलं तेव्हा. तोवर सगळ्यांना वाटत होतं, एक गोड, जरा चक्रम आजी मजेत फिरायला निघाली. कोणत्या घरातून ती इथवर चालत आली होती, ते कुणाला ठाऊक नव्हतं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसून राहिले.

२५ सप्टेंबर १९५५. निघाल्यापासून १४६वा दिवस. मेन राज्यातला काटाडिन पर्वत तिनं चढला. उंची साधारण १,६०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडीशीच कमी. चष्म्याची काच फुटलेली, गुडघा सुजलेला, वजन घटलेलं, आणि कॅनव्हासच्या बुटांचे कितीतरी जोड वाटेत झिजून गेलेले. शिखरावर तिनं तिथल्या वहीत सही केली आणि आपल्या देशाचं एक गाणं एकटीच मोठ्यानं म्हणाली. ऐकायला होता फक्त वारा. एकटीनं एका मोसमात ही सारी वाट चालणारी ती पहिली स्त्री ठरली.

यानंतर तरी स्वस्थ बसावं? छे! १९५७ साली, ६९व्या वर्षी, तिनं तीच वाट पुन्हा पूर्ण केली. दोनदा अशी मजल मारणारं तोवर स्त्री-पुरुषांत कुणीच नव्हतं. १९५९ साली, ७१व्या वर्षी, हातात छत्री घेऊन ती मिसुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्सपासून ओरेगॉनमधल्या पोर्टलंडपर्यंत सुमारे २,००० मैल चालली, तेही ९५ दिवसांत. पुढे अ‍ॅपलाचियनची वाट टप्प्याटप्प्यानं तिसऱ्यांदाही पूर्ण केली. तेव्हा पंचाहत्तरी उलटली होती.

वाटेच्या दुरवस्थेबद्दल ती पत्रकारांशी स्पष्ट बोलायची, त्यामुळे लोकांचं तिकडं लक्ष गेलं आणि डागडुजी होऊ लागली. आपल्या ओहायोत बकआय ट्रेल ही पायवाट सुरू करणाऱ्यांतही ती होती. ऐंशी उलटल्यावरही आपल्या परगण्यात ती झुडपं तोडत, झाडांवर खुणांचा रंग देत वाट आखत असे. हॉकिंग हिल्स भागात दर जानेवारीत निघणाऱ्या सहा मैलांच्या पदयात्रेत ती लोकांसोबत चालायची. ४ जून १९७३ रोजी, ८५व्या वर्षी तिनं जगाचा निरोप घेतला. शेवटच्या आजारापूर्वीपर्यंत तिचं हिंडणं-फिरणं आणि बागेतलं काम चालूच होतं. पुढे हॉकिंग हिल्सच्या त्या वाटेला तिचं नाव दिलं गेलं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आम्ही काय डोंगर चढायचे का? मुळीच नाही. आम्ही पाच-सहाजणी रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यानं फिरायला जातो. एकीला मधुमेह, दोघींचे गुडघे कुरकुरतात. सुरुवातीला पुलापर्यंत जाऊन दम लागायचा. पारावर बसलेली मंडळी हसायची. साडीवर बूट बघून तर आणखीच. आता कुणी हसत नाही, त्यांना सवय झाली. आम्हीही पुलाच्या पुढं जातो. त्या अर्ध्या-पाऊण तासात कुणी सुनेची आई नसते, कुणी कुणाची सासू नसते. एमा रानात का जायची, ते मला या रस्त्यावर कळतं.

आणखी एक गोष्ट. आपल्याला वाटतं, दिवसभर घरात राबतो, तोच व्यायाम की! घरकामानं शरीर हलतं हे खरं, आणि बसून राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पण ओट्याशी तासन्‌तास उभं राहून कंबर आणि टाचा दुखतात, दम मात्र वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली ज्या सूचना दिल्या, त्यात प्रौढांनी आणि ज्येष्ठांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीची हालचाल करावी असं म्हटलं आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणं. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, अशी गती धरा. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि स्नायूंना बळ देणारे व्यायामही करावेत, असंही त्यात आहे. पाळी गेल्यावर आपली हाडं ठिसूळ व्हायला लागतात, वयानुसार स्नायूही झडतात. मग न्हाणीत पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि बाई अंथरुणाला खिळते. हे टाळायला खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला धरून टाचा उचलणं, आधार जवळ ठेवून एका पायावर क्षणभर उभं राहणं, असे साधे व्यायामही उपयोगी पडतात. हृदयविकार, रक्तदाब किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबा.

सुरुवात मात्र एमासारखीच करा. पहिल्या दिवशी घराभोवती एक फेरी. जमलं, की दुसरी. महागडे बूट नसले तरी चालतील, पण घसरणारी, झिजलेली चप्पल नको. उन्हाच्या आत निघा. एकटं वाटत असेल तर शेजारणीला हाक मारा.

एमानं आपल्या पायांवर ६७ वर्षं इतरांची कामं केली होती. शेतं नांगरायला मदत केली, पोरं कडेवर वागवली, आजाऱ्यांसाठी रात्री उभ्यानं काढल्या. म्हणून तर ते पाय इतके खंबीर होते! आपल्यापैकी बहुतेकींचे पाय असेच कमावलेले आहेत. आजवर ते घरासाठी धावले. आता रोजचा अर्धा तास त्यांना आपल्यासाठी चालू द्या. आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागत बसू नका. उंबऱ्यात उभं राहून सांगायचं, जरा फिरून येते. एवढं पुरे.